टाकाऊ काचेतून टिकाऊ झाकण : फिश टँकच्या झाकणाचा स्वस्त जोडधंदा

काचेच्या कोणत्याही दुकानात मागच्या बाजूला एक कोपरा असतो. तिथे भिंतीला टेकवून कातरणीचे तुकडे उभे केलेले असतात. कुणाची खिडकी झाली, कुणाचे शोकेस झाले, त्यातून उरलेले ते तुकडे. वीत-दीड वीत रुंदीचे आणि दोन-तीन फूट लांबीचे हे तुकडे फेकायला जीव होत नाही आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळत नाही. काही महिन्यांनी भंगारवाला येतो आणि मिळेल त्या भावात ते उचलून नेतो. आमच्या काचकाम करणाऱ्या अनेक बांधवांच्या दुकानात हा कोपरा आम्ही पाहिला आहे. आजचा पाठ त्या कोपऱ्याविषयी आहे.

घरात रंगीत माशांची टाकी ठेवण्याची आवड आता लहान गावांतही पोचली आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे शोभिवंत माशांची दुकाने आहेत, आणि जिल्ह्याच्या बहुतेक गावांतही एखादे दुकान सापडते. टाकी सहज मिळते. तिच्या मापाचे झाकण मात्र सहज मिळत नाही. तयार मिळते ते प्लास्टिकचे हूड ठरावीक मापाचे असते आणि हाताने बनवलेल्या टाकीवर ते नीट बसत नाही. मग लोक पुठ्ठा ठेवतात, जुनी ट्रे ठेवतात किंवा टाकी उघडीच ठेवतात. ज्याच्या हातात काच कापायची हिरकणी आहे, त्याच्यासाठी हे हक्काचे काम आहे.

झाकण कशासाठी?

गिऱ्हाइकाला हे समजावता आले तर निम्मा सौदा तिथेच होतो, म्हणून कारणे पाठ असावीत.

पहिले कारण, मासे उडी मारतात. झेब्रा, सोर्डटेल, गोरामी, फायटर, लहान कोई हे सर्व उडी मारणारे आहेत. अरोवाना तर झाकणाला धडक देऊन ते उचलतो. नवी टाकी, अचानक लागलेला दिवा किंवा खराब झालेले पाणी एवढे निमित्त त्यांना पुरते. सकाळी उठून लेकराला आपला मासा फरशीवर सुकलेला दिसतो, आणि त्या घरातला हा शौक बहुधा तिथेच संपतो. दुकानदाराचे गिऱ्हाईकही तुटते.

दुसरे कारण, बाहेरच्या वस्तू आत पडतात. पाल, झुरळ, स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर, डास मारायच्या औषधाचा फवारा हे सर्व माशांना घातक आहे. फवारा मारताना झाकण असले, तर हवेच्या पंपाकडे तेवढे लक्ष द्यावे लागते, कारण तो खोलीतलीच हवा आत ओढतो.

तिसरे कारण, पाणी उडून जाते. वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार टाकीतच राहतात आणि पाणी दिवसेंदिवस जड होत जाते. काचेवर पांढरी रेघ दिसू लागते ती त्याचीच खूण.

चौथे कारण गोरामी आणि फायटर यांच्यापुरते आहे. हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतात. पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहिली तर त्यांना मानवते, विशेषतः थंडीत.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. जो जीव आपण काचेत कोंडला, त्याच्या सुरक्षेची जबाबदारी आपली. हेही गिऱ्हाइकाला सांगण्यासारखे आहे.

कोणते साहित्य चालते, कोणते नाही

साधी पारदर्शक 4 मिलीमीटरची काच घरगुती टाकीला उत्तम. 3 मिलीमीटरची काच लहान टाकीला चालते, पण रोज हाताळताना तिचे कोपरे लवकर उडतात.

आरसा वापरू नये. त्याच्या पाठीवरचा लेप दमटपणाने सुटतो आणि पाण्यात पडतो. फ्रिजचे जुने शेल्फ आणि दुकानाचे जाड दरवाजे बहुधा टफन काचेचे असतात. ही काच कापता येत नाही. हिरकणी फिरवून दाब दिला की तिचा चुरा होतो. कोपऱ्यात छाप दिसला तर तुकडा बाजूला ठेवावा, आणि शंका आली तरी ठेवावा. जुन्या खिडकीच्या काचेवर खोल ओरखडा असेल तर ती पुढे त्याच रेषेत तुटते, म्हणून तीही नको.

ॲक्रिलिकचा मोह अनेकांना पडतो. आम्हीही पहिले झाकण 3 मिलीमीटरच्या ॲक्रिलिकचेच केले होते. सुंदर दिसले. काही आठवड्यांतच ते पापडासारखे वळले. ॲक्रिलिक खालच्या अंगाने ओल पिते आणि वरच्या अंगाने कोरडे राहते, म्हणून ते वाकते. प्लायवूड आणि एमडीएफ फुगतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि तांब्याची जाळी पाण्यावर नको, कारण जस्त आणि तांबे दोन्ही पाण्यात उतरून माशांना बाधतात. कोळंबीला तर तांबे फार थोडे असले तरी मारते.

सिलिकॉन घेताना नळीवरचा मजकूर वाचावा. बाथरूमसाठी जे मिळते त्यात बुरशीनाशक औषध असते, ते माशांना चालत नाही. टाकी जोडण्यासाठी वापरतात तेच, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन घ्यावे.

माप कसे घ्यावे

आपल्याला इंच-सुताची सवय आहे. तरीही हे काम मिलीमीटरमध्ये करावे, कारण इथे दोन मिलीमीटरची चूकही अडते.

हाताने जोडलेली टाकी अचूक काटकोनात असतेच असे नाही. म्हणून आतली लांबी तीन ठिकाणी मोजावी : पुढे, मध्ये आणि मागे. रुंदीही तीन ठिकाणी मोजावी. तिन्हींतले सर्वांत लहान माप धरावे.

उदाहरणासाठी 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 12 इंच उंच अशी टाकी घेऊ. काच 5 मिलीमीटरची. बाहेरची लांबी 610 मिलीमीटर, म्हणजे आतली 600. बाहेरची रुंदी 305, म्हणजे आतली 295.

झाकण टाकीच्या कडेवर ठेवू नये, कडेच्या आत बसवावे. कडेवर ठेवलेल्या काचेखाली वाफेचे थेंब जमतात, ते कडेने बाहेर ओघळतात आणि खालचे लाकडी स्टँड कुजवतात. झाकण आत बसले की थेंब पुन्हा टाकीतच पडतात.

लांबीला दोन्ही बाजूंनी 2-2 मिलीमीटर सूट ठेवली की झाकणाची लांबी 596 येते. रुंदीचे दोन भाग करावेत. पुढची पट्टी 155 ची, ती दाणे टाकण्यासाठी उघडते. मागची पट्टी 106 ची, ती जागेवर राहते. पुढे 2 ची सूट आणि दोन पट्ट्यांमध्ये 2 ची फट धरली की मागे 30 मिलीमीटर जागा उरते. फिल्टरची नळी, हवेची नळी आणि हीटरची वायर तिथून जाते. हवा खेळायलाही तीच वाट.

दोन्ही पट्ट्या मिळून काच पावणेदोन चौरस फुटांपेक्षा कमी लागते. 4 मिलीमीटरची काच चौरस मीटरला 10 किलो भरते. त्या हिशोबाने झाकणाचे वजन सुमारे 1 किलो 550 ग्रॅम होते. पुढची पट्टी एकटी सव्वानऊशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे घरातल्या बाईमाणसाला किंवा मोठ्या मुलाला सहज उचलता येते.

काचेचे झाकण : कृती

1. दोन्ही पट्ट्या कापून घ्याव्यात. शिवाय 260 मिलीमीटर लांब आणि 20 रुंद अशा दोन आधारपट्ट्या, आणि मुठीसाठी 50 बाय 20 चा एक तुकडा. हे तिन्ही अगदी लहान कातरणीतून निघतात.

2. सर्व कडा घासाव्यात. पाणी-पेपर आधी 120 नंबरचा, मग 220 चा. काच आणि पेपर दोन्ही ओले ठेवावेत. कोरडे घासल्यास काचेची भुकटी नाकात जाते, आणि ते छातीला चांगले नाही. टाकीच्या आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉनचा गोळा असतो, म्हणून पुढच्या पट्टीचे समोरचे दोन कोपरे 5 मिलीमीटर तिरके घासून काढावेत.

3. टाकी रिकामी आणि कोरडी असताना ती एका बाजूच्या काचेवर आडवी करावी. कडेपासून 20 मिलीमीटर खाली रेघ आखावी. जागा स्पिरिटने पुसावी. आधारपट्टी त्या रेघेवर उभी धरून सिलिकॉनने चिकटवावी, दोन्ही अंगांनी बोट फिरवावे आणि कागदी टेपने धरून ठेवावी. दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी. टाकी आधीच पाण्याने भरलेली असेल तर हा प्रकार करता येत नाही. तेव्हा कडेवर अडकवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा वापराव्यात. माशांच्या दुकानात त्या मिळतात.

4. आता बिजागरी. दोन्ही पट्ट्या सपाट टेबलावर 2 मिलीमीटरची फट ठेवून मांडाव्यात. फटीखाली टेप लावावी. वरच्या अंगाला फटीच्या दोन्ही बाजूंनी टेप लावून मध्ये 25 मिलीमीटरचा पट्टा मोकळा ठेवावा. त्यावर सिलिकॉन पसरून जुन्या एटीएम कार्डाने दीड मिलीमीटर जाडीचा सपाट थर करावा. टेप लगेच काढावी. ही रबरासारखी बिजागरी गंजत नाही. मात्र ती नेहमी वरच्या अंगालाच हवी. खालच्या अंगाला लावली तर झाकण उघडताना ताणली जाऊन फाटते.

5. मुठीचा तुकडा पुढच्या पट्टीच्या मध्यावर उभा चिकटवावा. काही जण बाटलीचे प्लास्टिकचे बूच चिकटवतात. त्या प्लास्टिकला सिलिकॉन धरत नाही. काही दिवसांनी बूच हातात येते आणि काच पाण्यात पडते.

6. 48 तास हात लावू नये. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने जमते, उष्णतेने नव्हे. म्हणून उन्हात ठेवून घाई करण्यात अर्थ नाही. वास पूर्ण गेल्यावरच माल द्यावा.

मागच्या 30 मिलीमीटरच्या फटीतूनही लहान मासे निसटतात. तिथे प्लास्टिकच्या जाळीची पट्टी नळ्यांपुरत्या खाचा करून बसवावी. टाकी तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये एक आडवी आधारपट्टी देऊन झाकण दोन जोड्यांत करावे. पाण्याची पातळी झाकणापासून 3 ते 4 सेंटिमीटर खाली ठेवायला गिऱ्हाइकाला सांगावे.

लहान मुलांच्या घरासाठी : पॉलिकार्बोनेट

शेड आणि पार्किंगच्या छपराला दुपदरी, आत पोकळ नाल्या असलेला पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावतात. फॅब्रिकेशनवाल्यांकडे त्याचे तुकडे पडलेले असतात. 6 मिलीमीटर जाडीच्या पत्र्याचे आपल्या मापाचे झाकण पाव किलोही भरत नाही, आणि पडले तरी फुटत नाही. घरात लहान मुले असतील तर आम्ही हेच सुचवतो.

नाल्या लांबीच्या दिशेने याव्यात, म्हणजे पत्रा वाकत नाही. उन्हापासून संरक्षणाचा लेप असलेली बाजू वर ठेवावी. इथे वेगळी बिजागरी लागत नाही. मध्यावरच्या एका नालीत खालचा पदर लांबीभर सुरीने कापावा आणि वरचा पदर तसाच ठेवावा. झाकण तिथे दुमडते. ही घडी काचेच्या झाकणाइतकी टिकाऊ नाही, हे विकतानाच सांगावे. नाल्यांची उघडी तोंडे यू आकाराच्या प्लास्टिक पट्टीने बंद करावीत, नाहीतर आत पाणी आणि शेवाळ साचते. मुठीसाठी प्लास्टिकचा नट-बोल्ट पुरतो.

उन्हाळ्यासाठी : जाळीचे झाकण

मराठवाडा आणि विदर्भात मे महिन्यात टाकीचे पाणी तापते. बंद झाकण तिथे अडचणीचे ठरते. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून उन्हाळ्यापुरते जाळीचे झाकण उपयोगी पडते.

स्लायडिंग खिडकीच्या डासजाळीची जी ॲल्युमिनियमची चौकट असते, तीच मापाने कापून फायबरची जाळी रबराने बसवावी. स्क्रू लोखंडी नकोत, स्टेनलेस स्टीलचे हवेत. खिडक्यांचे काम करणाऱ्या कारागिराला यात नवे काही शिकायचे नाही. पाणी जास्त उडते, तेवढे रोज भरावे लागते, एवढे गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. नळाचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय ओतू नये.

दिवा आणि वीज

पूर्वी पत्र्याच्या हूडमध्ये ट्यूब आणि चोक बसवत. पत्रा गंजे आणि वाफ वायरीत शिरे. घरगुती झाकणात 230 व्होल्टचा होल्डर आपण कधीही बसवू नये, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. 12 व्होल्टची एलईडी पट्टी काचेच्या वरच्या अंगाला ठेवावी आणि तिचा अडॅप्टर टाकीपासून दूर, उंचावर लावावा. टाकीत जाणाऱ्या प्रत्येक वायरीला प्लगाच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोळातून खाली पडते आणि प्लगापर्यंत जात नाही. घरात 30 मिलीॲम्पियरचे गळतीरोधक स्विच आहे का, हेही विचारावे. हा प्रश्न विचारणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो.

हिशोब

भाव गावागणिक वेगळे असतात. खालचे आकडे रीत दाखवण्यापुरते मानलेले आहेत. आपल्या बाजारातले भाव घालून पाहावे.

समजा काच 60 रुपये चौरस फूट आहे आणि कापातील नासधूस धरून 2 चौरस फूट लागते. काच 120 रुपये. सिलिकॉनच्या 200 रुपयांच्या एका नळीत आठ झाकणे होतात, म्हणून 25 रुपये. पेपर, टेप, स्पिरिट 15 रुपये. एका तासाची मजुरी 120 रुपये. एकूण 280. दहात एक तुटते असे धरून 28 रुपये मिळवावेत. झाले 308. त्यावर 20 टक्के नफा म्हणजे 62 रुपये. विक्री 370 रुपये.

काच कातरणीची असेल तर? इथे बहुतेक जण चुकतात. तुकडा फुकटचा समजून ते काचेचे काहीच धरत नाहीत. मग कातरण संपली, पूर्ण काच फोडावी लागली की भाव वाढवावा लागतो आणि गिऱ्हाईक म्हणते, मागच्या वेळी कमी घेतले होते. आमचा सल्ला असा की कातरणीची काच निम्म्या भावाने हिशोबात धरावी. वरच्या उदाहरणात काच 60 रुपये झाली, एकूण 220, तुटफुटीसह 242, नफ्यासह 290. दोन्ही भाव पाटीवर वेगळे लिहावेत : नव्या काचेचे झाकण आणि कातरणीचे झाकण. मजुरी मात्र दोन्हीत सारखीच धरावी. काच जुनी असली तरी हात तेवढाच चालतो.

मोठ्या सणाआधी किंवा सुट्टीत मागणी येईल म्हणून पन्नास झाकणे करून ठेवण्याची घाई करू नये. टाक्या हातच्या असतात, मापे जुळत नाहीत. नमुन्याचे एक झाकण माशांच्या दुकानात ठेवावे, मापाचा छापील कागद द्यावा आणि थोडी आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डरप्रमाणे काम करावे.

जाडीचा खरेपणा

शेवटी एक गोष्ट, जी या धंद्यात सर्वांत महत्त्वाची आहे. साडेतीन मिलीमीटरची काच चारची म्हणून खपवणे सोपे आहे. गिऱ्हाइकाकडे मोजपट्टी असते, व्हर्नियर नसते. एका झाकणामागे पाच-सात रुपये वाचतात. पण मापात मारणाऱ्यांवर सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे, ते आपल्याला माहीत आहे. काचेची जाडी हेही मापच आहे.

तसेच कातरणीचे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. ओला माल वर ठेवायला हवा होता, म्हणजे लोकांना दिसला असता, हा त्यातला व्यापाराचा धडा. झाकणावर जुना बारीक ओरखडा असेल, एखादा बुडबुडा असेल, तर तो बोटाने दाखवून द्यावा आणि मग भाव सांगावा. दाखवलेल्या दोषाचे गिऱ्हाईक दहा-वीस रुपये कमी देते. लपवलेल्या दोषाचे गिऱ्हाईक परत येत नाही, आणि ते आणखी चौघांना सांगते.

माप घेताना सर्वांत लहान धरावे, माल देताना पूर्ण द्यावा. या धंद्याचे सर्व शिक्षण एवढ्यात आले.

ज्या बांधवांचे काचेचे किंवा ॲल्युमिनियमचे दुकान आहे, त्यांनी या आठवड्यात कातरणीचा कोपरा एकदा उपसून पाहावा. तुकडे मापाप्रमाणे वेगळे लावावेत. त्यांतून पहिले झाकण करून आपल्याच ओळखीच्या एखाद्या घरातल्या टाकीवर बसवावे आणि महिनाभर पाहावे : थेंब कुठे पडतात, मूठ टिकते का, घरच्या बाईला ते सहज उघडते का. त्यानंतरच पाटी लावावी. भांडवल थोडे, जागा आहे तीच, कसब आपल्या हातात आहे. इन्शाअल्लाह, भंगारात जाणाऱ्या काचेतूनही हलाल रोजीची वाट निघेल.